निवृत्तीआधीचं कौतुक

आमच्या लॅबमध्ये माणसाबद्दल चांगलं बोलायचा एकच दिवस होता, तो म्हणजे त्याच्या निरोप समारंभाचा. शाल, श्रीफळ, कचोरी आणि भाषणं. एरवी वर्षभर ‘रिपोर्टवर वय चुकलंय’ आणि ‘उद्या वेळेवर या’ एवढंच. सदाशिव पेठेत इतकी वर्षं रक्त तपासून आमचाही स्वभाव तिथलाच झालेला. मी लॅबची प्रमुख, त्यामुळे या बाबतीत सगळ्यांची गुरू. ‘मी काही बोलले नाही म्हणजे काम उत्तम झालंय असं समजा,’ हे मी अभिमानाने सांगत असे.

मागच्या वर्षी काउंटरवरचे काका निवृत्त झाले. भाषणांत त्यांना कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, लॅबचा आधारस्तंभ वगैरे म्हणून झालं. काका उत्तराला उठले, शाल सावरली आणि म्हणाले, “आपण माझ्याबद्दल बोलताय हे कळायला मला जरा वेळ लागला.”

सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाताना मला स्वतःची लाज वाटली. या माणसाने रोज शंभर वैतागलेली माणसं हसतमुखाने सांभाळली आणि मी त्यांना एकदाही ‘छान’ म्हटलं नव्हतं. तेव्हा ठरवलं, दर शनिवारी एकाला बोलवायचं आणि त्याचं काय आवडलं ते तोंडावर सांगायचं. हा नेम आता वर्षभर चालू आहे, पण पहिलाच शनिवार माझ्या चांगलाच अंगाशी आला.

पहिला मान रक्त काढणाऱ्या ताईंचा. बारा वर्षं त्या कात्रजहून सकाळच्या पहिल्या बसने येतात. पेठेतले आजोबा ‘त्या बाई आहेत ना?’ असं विचारूनच आत येतात आणि नसल्या तर ‘उद्या बघू’ म्हणून परत जातात. मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. चारचौघांत गोड बोलायची सवय नाही, म्हणून दार लावून घेतलं. बसा म्हटलं, चहा मागवला आणि पाच मिनिटं तोंडभरून बोलले. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. चहा तसाच ठेवून त्या “बरं, मॅडम” म्हणाल्या आणि निघून गेल्या. भारावल्या असतील, असं समजून मी स्वतःवरच खूश झाले.

सोमवारी सकाळी सात वाजता माझ्या टेबलावर त्यांचा राजीनामा होता. कारण, वैयक्तिक.

दुसरं कुणीतरी मिळालं असतं, पण त्यांच्याशिवाय ती लॅब मला नकोच होती. कागद घेऊन मी तशीच रक्त घ्यायच्या खोलीत गेले. एक आजोबा बाही वर करून बसले होते आणि ताई त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होत्या.

“हे काय आहे, ताई?”

“तुम्ही कामावरून काढायच्या आधी मीच जाते, मॅडम. तेवढा तरी मान राहू दे.”

“अहो, तुम्हाला काढतंय कोण?”

“दार लावलंत. चहा मागवलात. बारा वर्षांत पहिल्यांदा बसा म्हणालात. आपल्याकडे इतकं चांगलं कधी बोलतात, ते मला माहीत नाही का? दोन दिवस घरात कोणी धड जेवलेलं नाही.”

मला रडावं की हसावं कळेना. “मी कौतुक करत होते तुमचं!” मी जवळजवळ ओरडलेच.

“कौतुक सावकाश करा,” आजोबा म्हणाले. “मी रात्रीपासून उपाशी आहे. आधी रक्त घ्या.”

ताईंनी डोळे खांद्याला पुसले, शीर चाचपली आणि सुई घातली. आजोबांना कळलंही नाही. हातावर कापूस दाबून ते मात्र खुर्चीतून हलेनात. “आता होऊ द्या,” असं म्हणून आरामात बसून राहिले.

मी राजीनाम्याचे चार तुकडे केले. ताईंनी ते गोळा करून डब्यात टाकले. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, त्या दिवशी भीतीने मला एक शब्दही ऐकू आला नाही. काय म्हणाला होतात, ते परत सांगता?”