सवा हाताचं कार्डिगन

मी विणलेली एखादी वस्तू आमच्या घरात कोणाला बघायची असेल तर त्याला आधी स्टुलावर चढावं लागतं, कारण सगळं माळ्यावर आहे. मिक्सरचा झगा, फ्रिजच्या मुठीचं कव्हर, पाण्याच्या बाटलीचं अंगडं, दाराचं तोरण. टीव्हीवर टाकायचा रुमालसुद्धा. तो रुमाल मी जुन्या डबा टीव्हीच्या मापाने केला होता, आणि नवा टीव्ही आला तो भिंतीला चपटा चिकटून बसणारा. रुमाल सारखा घसरून खाली यायचा आणि मालिकेतल्या सासूचं तोंड झाकायचा. ह्यांना ते आवडायचं, पण सूनबाईंनी तो काढला.

काढला म्हणजे टाकला नाही हो. मुलगी गुणाची आहे. साताऱ्याकडची, बोलायला गोड. प्रत्येक वस्तू हातात घेते, उलटीसुलटी करून बघते आणि म्हणते, "आई, किती सुंदर! जपून ठेवते हं." मग ती वस्तू माळ्यावर जाते. तीन वर्षं झाली लग्नाला. "जपून ठेवते" हे दोन शब्द ऐकले की मला थेट माळाच दिसायचा, पण बोलणार कोणाला? कोणी आपली वस्तू जपून ठेवते म्हणून भांडायचं कसं?

म्हणून नाताळच्या सुमारास तीच एक दिवस स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अहो आई, मला एक कार्डिगन विणून द्याल?" तेव्हा माझ्या हातातली मेथीची जुडी ताटाऐवजी कचऱ्याच्या डब्यात गेली. तिने आपणहून काही मागायची पहिलीच वेळ.

त्याचं असं, की ऑफिसात तिच्या टेबलाच्या बरोबर डोक्यावर एसीचं तोंड आहे. दिवसभर गार वारा. आम्ही इथे वसईत घामाने निथळतोय आणि ही बाई पिशवीत शाल घेऊन कामाला जाते. घरी येते ती शिंकत. तिने मोबाईलवर फोटो दाखवला. एक सडपातळ मुलगी भल्यामोठ्या कार्डिगनमध्ये बसली होती, हातांची फक्त बोटं बाहेर. "असं सैल, ओव्हरसाइज. रोज घालता येईल असं. राखाडी रंगाचं, म्हणजे कशावरही जाईल."

"माप दे," मी म्हटलं.

"मापबिप कशाला आई? सैलच हवंय. कसंही चालेल."

आता ही चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. बाईने बाईला "कसंही चालेल" असं कधी सांगू नये.

मला क्रोशा कोणी शिकवला नाही. लग्नाआधी तोरणं बघून बघून शिकले, आणि हल्ली मोबाईलवर मुली शिकवतात त्या बघते. त्यातल्या एकीने बजावून सांगितलं होतं, आधी चार बोटांएवढा नमुना विणा, धुवा, वाळवा, मोजा, मगच सुरुवात करा. मी म्हटलं, पोरी, तू काल जन्मलीस. मी अर्नाळ्याच्या कोळ्याची लेक. आमच्या ओट्यावर माझे बाबा जाळी विणायचे तेव्हा सुईत सूत भरून द्यायचं काम माझं होतं. तेव्हा जाळी सुताची असायची, नायलॉन नंतर आलं. बाबांचा एक कायदा होता. "सूत पान्यात आटतं गो बाय. हातभर पायजे तं सवा हात विन." सुताचं जाळं पहिल्यांदा पाण्यात गेलं की आवळून यायचं, म्हणून ते आधीच वाढीव करायचे.

आणि सूनबाईंना हवं होतं सुती. लोकर टोचते म्हणाली. झालं! सूत म्हटल्यावर माझ्या डोक्यात बाबा बोलायला लागले.

मग मी हिशेब असा मांडला. एक, तिच्या अंगाचं माप, ते दोरीवर वाळणाऱ्या तिच्या कुर्त्यावरून वीत घालून काढलं. दोन, तिला सैल हवं, म्हणून दोन्ही बाजूंना वीतभर जास्त. तीन, आपल्याकडे शिवताना थोडं वाढत्या अंगाचं शिवतात, तशी चार बोटं. ती तिशीची झाली, आता कुठे वाढणार, पण सवय. आणि ह्या सगळ्यावर बाबांचा सवा हात. एकटीचं एक कार्डिगन, पण मी त्यात तीन ठिकाणी माया धरली होती.

जानेवारीत सुरू केलं. साखळीचा टाका, खांबाचा टाका, साखळी, खांब. फेब्रुवारीत ते मांडीवर मावेना. मार्चमध्ये मी पंखा पाचवर ठेवून, पदर कमरेला खोचून, अंगावर ते धूड घेऊन बसायचे आणि घामाच्या धारा लागायच्या. थंडी वाजू नये म्हणून करायच्या कपड्याने आधी मलाच भाजून काढलं. सूत संपलं की दुकानात जायचे. चौथ्यांदा गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "आजी, सोफ्याचं कव्हर करताय का?"

"सुनेचं कार्डिगन आहे."

गुंडे देताना त्याने मान जरा तिरकी केली. बहुतेक माझ्या सुनेची कल्पना करत असावा.

आमचे हे वर्तमानपत्राच्या आडून रोज एकदा चौकशी करायचे. "पाठ चाललीय का अजून?"

"पाठ झाली. हा डावा हात."

"हात? मला वाटलं पाय आहे."

मी लक्ष दिलं नाही. आटणार आहे ना, मला ठाऊक होतं. खिसे दोन केले, चांगले खोल, डबा ठेवला तरी बसेल असे. एका शनिवारी सकाळी शेवटची गाठ मारली. सूनबाई कामावर. म्हटलं, धुऊन, आटवून, नीट मापात आणून मगच हातात द्यावं. बादलीत बुडवलं. पाणी पिऊन ते इतकं जड झालं, की उचलायला ह्यांना बोलवावं लागलं. दोघांनी मिळून पिळलं आणि गॅलरीतल्या दांडीवर खांदे टाकून लटकवलं. हात ग्रिलच्या बाहेर सोडले, ऊन लागावं म्हणून. आणि मी निवांत भात टाकला.

भाताला उकळी येते न येते तोच बेल. दारात खालच्या मजल्यावरची बाई. ती मूळ इथल्याच नंदाखाल गावची, माझ्याच वयाची, रोज सकाळी चर्चला जाणारी शांत बाई. आज तिचा चेहरा पांढरा.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडचा कोणीतरी माझ्या खिडकीत हात घालतोय."

"अगं बाई! कोण?"

"तोंड दिसत नाही. नुसता हात आहे. वरून येतो. मी ओट्याजवळ उभी, तर खांद्यावर गार गार लागला. मी झाडू मारला त्याला, तरी जाईना!"

मी गॅलरीत धावले. आणि काय सांगू! माझं कार्डिगन आटायचं सोडून वाढत होतं. पाण्याच्या वजनाने एकेक खांब सुटून लांब झालेला, आणि दोन्ही हात संथपणे खाली निघालेले. डावा तिच्या खिडकीत, उजवा तिच्या कढीपत्त्याच्या कुंडीत. ती खाली आपल्या खिडकीशी धावली. ह्यांनी वरून ओढायला सुरुवात केली, तशी खालून ती ओरडली, "थांबा, कढीपत्ता येतोय!"

शेवटी सगळं वर आलं, दोन डहाळ्यांसकट. ती पुन्हा वर आली आणि ते बघून हसून हसून खाली बसली. मला मात्र हसू येईना. तीन महिने मी ज्याची वाट बघत होते ते आता कुठे जाणार, मला दिसत होतं. माळ्यावर. तेही मावलं तर.

रात्रभर ते जमिनीवर पसरून वाळवलं. आटलं नाही. रविवारी सकाळी अर्नाळ्याहून माझा भाऊ आला, सुके बोंबील घेऊन. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, अजून बोटीवर जातो. त्याने दारातूनच ते धूड बघितलं आणि चप्पल काढायची विसरला.

"ह्ये काय गो? ह्यात तं आख्खी मुशी मावंल!"

मुशी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क. माझ्या भावाला दुसरी उपमा सुचणार नाही. तेवढ्यात सूनबाई बाहेर आली. आता लपवून काय उपयोग? मी म्हटलं, घाल.

तिने घातलं. खरं म्हणजे ती त्यात शिरली. खांदे कोपरापर्यंत, खिसे गुडघ्यापर्यंत, आणि हातांची टोकं लादी पुसत होती. हे वर्तमानपत्राच्या मागे हलत होते, आवाज नव्हता. सूनबाईने ओठ घट्ट आवळून धरले होते. मग श्वास घेतला आणि म्हणाली, "आई, किती सुंदर..."

"पुरे," मी म्हटलं. "जपून ठेवते म्हणू नकोस."

मी असं कधी बोलले नव्हते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मलाच राहवेना, म्हणून मी पुढे झाले. "दे इकडे. उसवते. क्रोशाचं एक टोक ओढलं की अर्ध्या तासात सगळं सूत मोकळं. पिशव्या करीन त्याच्या."

मी एक हात धरला. तिने दुसरा धरला. "नाही आई, उसवायचं नाही!"

"सोड गं."

"तुम्ही सोडा! तीन महिने बघतेय मी, घामाच्या धारा लागलेल्या! नाही उसवायचं!"

दोघी ओढतोय. आणि माझा भाऊ मध्ये हात नाचवत ओरडतोय, "अगो ओढू नका, ओढू नका, अजून वाढंल!"

तेव्हा जे हसू फुटलं, ते आधी तिला, मग मला, मग ह्यांना. मी खालीच बसले. खालच्या बाईने खिडकीतून विचारलं, "वहिनी, परत हात सुटला का?" झालं, आणखी पाच मिनिटं गेली.

हसून झाल्यावर भावाने ते मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं. "तुझं डोकं जाल्यात अडाकलंय," तो मला म्हणाला. "जाल्याला गाठी असतात. सूत पिळाचं असतं. ह्याला गाठ कुठं हाय? ह्ये मोकलं सुटतंय. बाबांचा कायदा ह्याला लावतात का?"

"मग आता?"

"आता काय, जाल्याचं तोंड आवलतात तसं आवलायचं."

उरलेल्या सुताची त्याने पिळून चांगली दोरी केली. हातांच्या टोकांशी जो भोकाभोकांचा काठ होता त्यातून ती ओवली, तशीच कमरेतून, आणि तशीच खांद्यावरून. ओढली की चुण्या पडून सगळं वर गोळा. वर गाठ मारली तीही कोळ्याची, सुटायची नाही. सूनबाईने पुन्हा घातलं. हात फुगीर, कंबर चुणीदार, बोटं बाहेर. फोटोतल्या मुलीसारखं नव्हतं. भोपळ्याला चुडीदार घातल्यासारखं होतं, हे आमच्या ह्यांचं मत. तिने आरशात पुढून बघितलं, मागून बघितलं, खिशांत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि म्हणाली, "मामा, हे भारी झालं."

सोमवारी ती निघाली तेव्हा मी मुद्दाम दाराशी उभी होते. कार्डिगन तिच्या अंगावर नव्हतं. घडी करून पिशवीत होतं. बाहेर उकडत होतं हे मला कळतं हो, पण मन कुठे ऐकतं? म्हटलं, ऑफिसलाही माळा असतोच की. तिथे एखाद्या कपाटात जपून ठेवेल. आठवडाभर मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. फक्त एवढं लक्षात आलं, की गुरुवारी ती शिंकली नाही. शुक्रवारीही नाही. पण शिंका आपोआपही थांबतात, असं हे म्हणाले. ह्या माणसाला दिलासा द्यायचं कोणी शिकवलंच नाही.

शनिवारी ती दुपारीच घरी आली. पिशवी मोरीशी ठेवली. "आई, धुवायला टाकलंय हं. बघा जरा, जाईल का ते."

मी पिशवी उघडली. उजव्या हातावर कोपराशी चहाचा डाग, वाटीएवढा. डाव्या मनगटावर निळ्या पेनाच्या तीन रेघा. एका खिशात अर्धा बिस्किटांचा पुडा, केसांचा चिमटा आणि चिंचेच्या गोळ्या. दुसऱ्या खिशात ऑफिसचं स्टेपलर.

"अगं, हे स्टेपलर!"

"अरे देवा," ती आतून ओरडली, "आठवडाभर सगळे ते शोधतायत!"

मी मोरीत स्टूल घेऊन बसले. चहाचा तो डाग उजेडात धरून बघितला. माळ्यावरच्या माझ्या एकाही वस्तूवर असा डाग नाही. साबण लावला, पण हात काही जोरात चालेना. हे मागे येऊन उभे राहिले. "घास की नीट. दिसतोय अजून."

"दिसू दे," मी म्हटलं. "तुम्ही तिकडे जा, आणि पलंग रिकामा करा."

कारण आता त्याला लटकवायचं नाही, आडवंच वाळवायचं, हे आम्ही शिकलोय. दर शनिवारी दुपारी कार्डिगन आमच्या पलंगावर दोन्ही हात पसरून झोपतं, पलंगाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि आमचे हे खुर्चीत बसून डुलक्या काढतात.