सांध्यावरची पायरी

थोरल्याचं सगळं आयुष्य जमिनीची उंची मोजण्यात गेलं. सव्वीस वर्षांत त्याच्या आकड्यांत कुणाला चूक सापडली नव्हती. धाकटा भाऊ त्याच कचेरीत, पण तो बोटीतून समुद्राचा तळ मोजायचा, आणि साहेब येता-जाता थांबायचे ते धाकट्याच्या टेबलाशी. थोरल्याच्या पोटात दुखायचं ते तिथं.

"यंत्र पाण्यात सोडायचं नि डबा खात बसायचं. कसली अक्कल लागते त्याला?" तो बायकोला ऐकवायचा.

"मग तुम्हीच चढा की बोटीत."

धक्क्यावर उभं राहिलं तरी त्याला मळमळायचं.

यंदा दोघांचे आकडे जोडून किनाऱ्याचा एकच नकाशा करायचा होता. त्या कामाचा प्रमुख शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होता, आणि थोरल्याला ती खुर्ची हवी होती. सोमवारी आकडे जोडले, तर जमीन नि समुद्राच्या सांध्यावर कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी दोन मीटरची पायरी.

थोरल्याला बघताक्षणी उमगलं. जमिनीची उंची धरतात समुद्राच्या सरासरी पातळीपासून आणि खोली धरतात सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. ती पातळी इथं सरासरीच्या मीटरभर खाली. म्हणजे प्रत्येक खोलीत एक मीटर मिळवायचा; धाकट्यानं तो वजा केला होता, म्हणून फरक दुप्पट. थोरला चार दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. होऊ दे चारचौघांत शोभा, बघूच जरा.

बैठकीत धाकटा उठला. "दादाचे आकडे चुकायचे नाहीत. घोळ माझाच असणार. महिनाभर लागू दे, सगळा तळ पुन्हा मोजतो."

"याला म्हणतात जबाबदारी," साहेब खूश झाले.

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चुकायचं यानं, वर शाबासकीही यालाच.

"मोजायला कशाला जातोस?" तो खेकसला. "मीटर मिळवायचा, तो वजा केलायस."

साहेब त्याच्याकडे वळले. "तुम्हाला कधी कळलं हे?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "सोमवारी," तो म्हणाला.

खुर्ची धाकट्याला मिळाली. जिन्यात त्यानं थोरल्याला गाठलं. "दादा, सोमवारीच सांगायचंस ना."

"तुझी फजिती बघायची होती."

"झाली की मग."

"कुठं झाली?" थोरला म्हणाला. "कौतुकच झालं तुझं." आणि एकेक पायरी तोलून उतरत तो जेवायच्या सुट्टीला गेला.