मोहिनी सिस्टरची भीड

हिंगणघाटच्या त्या दवाखान्यात मोहिनी सिस्टरच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कुणी ऐकला असेल, तर त्या माणसाला शाल-श्रीफळच द्यायला हवं. कुणाला रात्रपाळी बदलून हवी, हिचं ‘हो’. कुणाच्या भाच्याचं बारसं, तिच्या जागी ही उभी. साडीच्या दुकानात पोऱ्याने ढीगभर साड्या उलगडल्या की न आवडलेली एखादी घेऊन यायची, कारण एवढ्या घड्या मोडायला लावून रिकाम्या हाताने उठायचं कसं? लग्नसुद्धा असंच झालं. स्थळ आणणारी बाई भर उन्हात जाम गावच्या चौकातून दुसऱ्यांदा चालत आली, तेव्हा हिला तिची दया आली. नशीब म्हणा, नवरा चांगला निघाला. “भीड भिकेची बहीण असते, पोरी,” असं तिचे वडील बबनराव वावरातून आले की सांगत, आणि ही मान हलवून “हो बाबा” म्हणे. आता याला काय म्हणावं!

आजवर या भिडेपायी नुकसान व्हायचं ते तिचं एकटीचं. त्यामुळे लोक हसत आणि आपलं काम करून घेत.

दवाखान्यात ती बाळांच्या खोलीची इन्चार्ज होती. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, ओंजळीत मावतील अशी लेकरं तिथे काचेच्या पेटीत ठेवत. पावसाळा सरता सरता डॉक्टर अश्विन यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि हुकूम सोडला. या खोलीत पाय ठेवायचा असेल तर फ्लूची लस घ्यायची. मग तो डॉक्टर असो, आया असो, नाहीतर झाडू मारणारा. “या बाळांना ही लस देता येत नाही, फार लहान आहेत. म्हणून त्यांच्याभोवती वावरणाऱ्यांनी घ्यायची. ज्याला नको असेल त्याने खाली कपडे धुवायच्या कामावर जावं,” असं ते म्हणाले.

चहाच्या वेळी मग जो काही कल्ला झाला! वॉर्डबॉय गजेंद्र तर पेटलाच. “अंग आमचं अन् हुकूम याइचा? वर्ध्याहून मोठे डॉक्टर येतात, त्याइले विचारलं का कोनी? गरिबाच्याच दंडाले सुई पह्यले!” दुसरा कुणी म्हणाला, “घेऊनई सर्दी होतेच म्हनतात बाप्पा, मंग कायले घ्याची?” तिसरीने विचारलं, आपल्यामुळे एखादं लेकरू गेलं तर झोप लागेल का रे? मोहिनीला डॉक्टरांचं पटत होतं, आणि न विचारता अंगाला टोचायचं हे बरं नाही, हे गजेंद्रचंही पटत होतं. तिने आपली दोन्हीकडे मान हलवली.

आनंदाबाई तेवढी दुपट्यांच्या घड्या घालत बसली. ही तिथली जुनी आया. बाळांना पुसायचं, दुपटी बदलायची, रडणाऱ्याच्या छातीवर दोन बोटं ठेवून त्याला गप्प करायचं, हे तिचं काम. करोनाच्या वेळी लस घ्यायला नवऱ्याच्या, नत्थूजीच्या मागे तीच लागली होती. दवाखान्यातल्या बाईचा नवरा मागे राहिला तर लोक काय म्हणतील? त्याने घेतली, आणि आठवडाभराने तो वावरातच कोसळला. त्याचं हृदय जुनंच दुखणं घेऊन बसलं होतं, लसीचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. आनंदाबाईला ते कळलंही. “सुईनं नसन मेला,” ती म्हणे, “पन सुई घ्याले मीनंच धाडलं ना त्याले.”

आणि मोहिनीवर या बाईचे उपकार काय थोडे? मोहिनीच्या पहिल्या बाळंतपणात माहेरचं माणूस पोचेपर्यंत उशाशी बसली ती आनंदाबाईच. तिला आईच्या जागी मानायची मोहिनी.

लस द्यायच्या दिवशी सुई मोहिनीच्याच हातात. आनंदाबाई स्टुलावर बसली, दंड उघडा केला आणि मोहिनीचं मनगट धरलं. “मोहिनी, माय, मले नको देऊ व. मी मरून जाईन. अन् खाली धुलाईतई नको धाडू. या लेकराइशिवाय माह्यं कोन हाय?” डॉक्टर दारात पाठ करून फोनवर बोलत होते. दोन शब्द बोलायची वेळ होती, बाई, सुई घ्या नाहीतर खाली जा, एवढंच. मोहिनीने काय करावं? सुईतलं औषध कापसात जिरवलं, ओला बोळा खिशात घातला आणि दुसरा कोरडा बोळा आनंदाबाईच्या दंडावर पट्टीने चिकटवला. मग दाराकडे वळून मोठ्याने म्हणाली, “झालं सर, दिली.”

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि आनंदाबाईला खोकला लागला. मास्कच्या आत आल्याचा तुकडा चघळत ती तो दाबायची. दुपट्यांच्या कपाटामागे तोंड खुपसून खोकताना मोहिनीने तिला पकडलं.

“बाई, चार दिवस घरी राहा.”

“घरी राह्यली तं डॉक्टर विचारन, लस घेतली तरी काऊन पडली म्हनून. खोदून विचारलं तं माह्या तोंडून निंघून जाईन. तुह्यंच नाव येईन त्यात.”

खरं तर लस घेतलेल्यालाही खोकला होतो, हे मोहिनीला ठाऊक होतं. पण चोराच्या मनात चांदणं! ती इकडेतिकडे पाहत म्हणाली, “बरं. पन मास्क काढू नका.”

त्या दिवसांत पेटीत सपनाचं बाळ होतं. सपना गिरड गावाकडची, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर कूस उजवलेली. बाळ हळूहळू अंग धरत होतं. नातवाला पाहायला सासू सुलोचनाबाई गावाहून आली. तिला एकदा आत जाऊ दिलं, तर दारातच ती शिंकली. सगळ्यांनी पाहिलं. तिने बाळाच्या पायाला एक बोट लावलं आणि डोळे पुसत बाहेर आली.

नंतर बाळ तापलं. दूध पिईना, श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या. घशातला नमुना नागपूरला गेला आणि फ्लू असल्याचं कळलं. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, “आपला सगळा स्टाफ लस घेतलेला. म्हणजे हे बाहेरून आलं.” मग काय, ती शिंक सगळ्यांना आठवली. सपनाच्या नवऱ्याने आईला वर यायची बंदी केली. सपनाने तर बोलणंच टाकलं. म्हातारी खाली जिन्याजवळ बसून राहिली, भाकरीचं फडकं न सोडता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “मीनं पायालेच बोट लावलं होतं व. तोंडाजवळ नाई गेली मी.”

मोहिनीचा जीव टांगणीला लागला. पेटीजवळ गेली की आधी बाळाचं पोट हलतंय का ते पाही. कुणी हाक मारली तरी दचके. मनाशी म्हणे, म्हातारीच शिंकली ना, तिचाच असेल. नाहीतर लस घेतलेल्या कुणाचाही असेल. कुणाला कळणार आहे? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “चूप राहा. नोकरी जाईन, अन् पोट्टं काही त्यानं बरं होनार नाई.” तिला तेही पटलं.

दुसऱ्या दिवशी जिना चढताना सुलोचनाबाईने तिचा हात धरला.

“सिस्टर, तुमी त्याच्याजवळ जाता ना. त्याले माह्याकडून माफी मांगजा. म्हनजा, आजीले समजलं नाई.”

मोहिनीने हात सोडवला. ती तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि कापसाच्या बोळ्यापासून सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “लस घेऊनही फ्लू होतो, मोहिनी. कुणाकडून आला ते मला आता कधीच कळणार नाही. पण बाई खोकत होत्या हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला म्हणालात, दिली. आणि मी त्या म्हातारीला जिन्याखाली बसवलं.” मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, “तुम्ही घरी जा. पुढचं नंतर पाहू.”

आनंदाबाईलाही औषध देऊन घरी पाठवलं. निघताना ती मोहिनीच्या गळ्यात पडली नाही की चिडली नाही. “मले झिडकाराचं होतं व तूनं,” एवढंच म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

मोहिनी घरी गेली नाही. ती जिन्याजवळ गेली, सुलोचनाबाईच्या समोर फरशीवर बसली आणि तिलाही सगळं सांगितलं. म्हातारीने भाकरीचं फडकं बाजूला ठेवलं.

“हे मले सांगून काय होते? वर चाल. सुनेले सांग, माह्यासमोर.”

सपनासमोर? पण मोहिनी उठली.

सपना खाटेवर बसून बाळासाठी वाटीत दूध काढत होती. सासूला दारात पाहून तिने तोंड फिरवलं. मोहिनीने उभ्यानेच सांगितलं, काही न झाकता. सपनाने मान वळवली.

“म्हंजे आत्याबाईनं नाई आनला हा आजार?”

“ते कोनालेच सांगता येनार नाई. पन खोकनारं मानूस मी आत ठेवलं, अन् आरोप याइच्यावर गेला. मी पाहत राह्यली.”

“तो वाचन ना, सिस्टर?”

आजवर या प्रश्नाला मोहिनीने प्रत्येक आईला ‘हो’च म्हटलं होतं. आताही जिभेवर तेच आलं. तिने ते गिळलं. “मले माहीत नाई, सपना. अजून ताप हाय.”

सपनाने पदर सारखा केला. वाटी भरली होती. आईने काढलेलं दूध आत न्यायचं काम मोहिनीचं, म्हणून तिचा हात सवयीने पुढे झाला. सपनाने वाटी मागे घेतली.

“तुमी नका हात लावू त्याच्या दुधाले.”

मोहिनीने हात खाली घेतला. सपनाने सासूकडे पाहिलं. “आत्याबाई, दारातल्या नर्सजवळ नेऊन देता का? मंग इथंच येजा. जेवल्या नसान तुमी.”

सुलोचनाबाईने आधी तोंडावर पदर गच्च गुंडाळला. मग दोन्ही हातांनी वाटी धरून, एक थेंब सांडू नये म्हणून पाय घासत, ती बाळांच्या खोलीकडे निघाली. मोहिनी भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तिने तिला वाट करून दिली.