ताकदीचं दूध

अक्कलकोट रोडच्या बालवाडीतल्या बाई अंगानं भारदस्त, आवाज त्याहून दणदणीत. जाहिरातीतला मुलगा पावडरचं दूध पिऊन बैलगाडी उचलतो, म्हणून माझी नात साधं दूध तोंडाला लावत नव्हती. मी ते बाईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या पोरांना तेच पावडरचं दूध पाजलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या.

"ताकद आली न्हवं? आता उचला की मला!"

पोरं लालबुंद झाली, पण खुर्ची जागची हलेना. सगळ्यांत जास्त बाईच हसल्या.

"मग टीव्हीतला पोरगा तसं का दाखवतोय?"

नात ओरडली, "डबा खपवायला!"

"लई हुशार की गं!"

संध्याकाळी नात साधं दूध पीत असताना टीव्हीवर तीच जाहिरात लागली. ती त्या मुलाला म्हणाली, "आधी आमच्या बाईंना उचल की!"