वाचन माझ्या अंगणात आलं

आमच्या घरात कृपा हा शब्द कुणी वापरत नाही. नवस नाही, साकडं नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून जे करायचं ते आपणच, असं शिकत आले. म्हणून हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय, पण आनंद इतका झालाय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला लहानपणापासून सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन अडकतात आणि हाडं आतून ठणकतात. कळंबला लग्न होऊन आले तेव्हा रुखवतात हे दुखणंही आणलं, असं मी मालकांना चिडवते. बारामतीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, ताप आला किंवा छातीत दुखलं तर घरी रेंगाळायचं नाही, हे ठरलेलं आहे. बाकीचं ठणकणं घरीच निभवायचं. भरपूर पाणी, गरम पाण्याची पिशवी, आत्यांच्या हातचं कोमट तिळाचं तेल, आणि श्वासाकडं लक्ष देऊन बसणं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. ते श्वासाचं तेवढं मला कधीच जमलं नाही. मी डोळे मिटले की दुखणंच समोर मांडी घालून बसायचं.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि आश्विन पौर्णिमेला समारोप असतो. शेवटचा भाग वाचायचा मान काही वर्षं मला मिळत होता, पण दरवेळी नेमकं दुखणं उठायचं आणि दुसरंच कुणी वाचायचं. यंदा मी हट्टालाच पेटले. आदल्या दिवशी विहारातल्या सतरंज्या आणि आम्हा बायकांच्या पांढऱ्या साड्या बोअरच्या गार पाण्यात धुऊन काढल्या. गार पाणी मला वर्ज्य आहे हे पाठ असूनही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

सकाळी मांड्या आणि कंबर ठणकू लागली. गोळी झाली, पिशवी झाली, तेल झालं. ताप नव्हता, छाती मोकळी होती. मालक गाडी काढू का म्हणून सारखे विचारत होते, पण मला दवाखान्याची नाही, वाचनाची चिंता होती. दुपार कलली तरी उठवेना. शेवटी आत्या चप्पल घालून निघाल्या, वाचायला दुसरं कुणी बघा असं विहारात सांगायला. मी भिंतीकडं तोंड करून रडले. रोज वंदना करून काय मिळालं, असंही मनात आलं.

आत्या उंबऱ्यातच थांबल्या. दारात एक म्हातारी उभी होती. पांढरं लुगडं, हातात चाफ्याची फुलं. वडगाव निंबाळकरहून भाचीकडं समारोपाला आली होती आणि घर चुकून आमच्याकडं आली होती. आत्या तिला भाचीचं घर दाखवत होत्या, तेवढ्यात तिनं माझं कण्हणं ऐकलं आणि ती सरळ आत आली. काय झालंय, कधीपासून, काही विचारलं नाही. फुलं उशाशी ठेवली आणि माझी पावलं मांडीवर घेतली.

“श्वास कशाला कोंडून धरलाय, बाई? सोड की.”

खरंच धरला होता. दुखलं की दात आवळून, श्वास धरून झुंजायचं, एवढंच मला माहीत. तळव्यांवरून हात फिरवत तिनं त्रिसरण सुरू केलं, ‘बुद्धं सरणं गच्छामि’, अगदी सावकाश, एका श्वासात एक ओळ. मीही तिच्याबरोबर म्हणू लागले. ओळ संपायची तेव्हा श्वासही सगळा बाहेर गेलेला असायचा. दुखणं गेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण आवळलेली कंबर सैल झाली आणि मला पहिल्यांदाच दुखण्याशेजारी नुसतं पडून राहता आलं.

आत्या परत चपलांकडं वळल्या, तेव्हा म्हातारी म्हणाली, “हिला तितं जाता येत न्हाय, तर वाचन हितं आणायला काय हुतंय?”

आत्यांनी चपला पायात सरकवल्या. मग या वयात जवळजवळ पळत सुटल्या!

आणि संध्याकाळी काय सांगू! मी धुतलेल्या सतरंज्या माझ्याच अंगणात अंथरलेल्या, त्यांवर पांढऱ्या साड्यांची दाटी, मधोमध बुद्धमूर्ती आणि दिवे. मालक भोंग्याची वायर ओढत इकडून तिकडं धावत होते. खाटेवर उशांना टेकून, कंबरेला गरम पिशवी लावून मी शेवटचा भाग वाचला. थांबत, घोटघोट पाणी पीत, पण शेवटच्या ओळीपर्यंत मीच वाचला. माझा आवाज उसाच्या फडापर्यंत जात होता आणि आत्या पदरानं डोळे पुसत होत्या.

दुखणं अजून येतं, गोळ्याही चालू आहेत. त्या म्हातारीला मी एक पांढरी साडी पाठवली, कोमट पाण्यात धुऊन. शरण जायचं म्हणजे आपल्याच पायांनी चालत जायचं, असं मी समजत होते, म्हणून पाय दुखले की सगळंच संपल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी माझं पाऊलही उचललं नाही, आणि विहार माझ्या दारात आला. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. मी रोज सकाळी हात जोडते आणि पहिला श्वास त्या म्हातारीच्या नावानं सोडते.