चार हॉटस्पॉट, रस्ता एकच

संकटकाळी संस्थेचं खरं नेतृत्व दिसून येतं. आमचं नेतृत्व त्या सकाळी फोटोसाठी चष्मा काढून स्टेजवर उभं होतं.

मी लोणी काळभोरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्क सांभाळतो. रस्ता खोदताना जेसीबीने आमची इंटरनेटची केबल तोडली, म्हणून कॉलेजने चार पोर्टेबल हॉटस्पॉट घेतले. हॉटस्पॉट म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. आत मोबाइलसारखंच सिम. टॉवरकडून इंटरनेट घ्यायचं आणि जवळच्या लॅपटॉपना वाय-फायने द्यायचं, एवढंच तिचं काम. संचालकांनी तिचं उद्घाटन ठेवलं. नारळ, हार, ‘अखंड कनेक्टिव्हिटी’वर भाषण. चारही डब्यांना कुंकू लागलं. चारही सिम एकाच कंपनीची. दोन कंपन्यांची घ्या, असं मी सुचवलं होतं. उत्तर आलं, “एकच बरी. सुटसुटीत.”

त्याच वेळी शेजारच्या लॅबमध्ये आमच्या विद्यार्थिनीची, स्नेहल कांबळेची, नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. शेवटची फेरी. वर्षभरात तिची इथवर पोचलेली ही एकच. भाषण सुरू झालं आणि लॅपटॉपवर मुलाखत घेणाऱ्या बाई तोंड उघडं ठेवून थिजल्या.

“सर, रेंज फुल हाय, पण नेट नाय,” स्नेहल म्हणाली. आवाज शांत होता.

दुसरी डबी लावली. तेच. दोष डब्यांचा नव्हताच. हॉलमधल्या मुलांना सूचना होती, की भाषण आपापल्या मोबाइलवरही लाइव्ह लावा, व्ह्यूज वाढतात. म्हणजे समोर उभा असलेला माणूस मुलं टॉवरमार्गे बघत होती. त्यांची सिमही त्याच कंपनीची, ॲडमिशनच्या वेळी फुकट मिळालेली. आमच्याकडे दारं चार होती. बाहेरचा रस्ता एकच, आणि तो तुंबलेला.

स्नेहलला मुलाखत घेणाऱ्या कंपनीतून फोन आला. दहा मिनिटं थांबतो, मग पुढचा उमेदवार घेतो.

मी हॉलमध्ये गेलो. प्लेसमेंट बघणाऱ्या कुलकर्णी मॅडम स्टेजसमोर ट्रायपॉडवर लावलेल्या फोनवरून लाइव्ह सांभाळत होत्या. फोन संचालकांचा. सिम दुसऱ्या कंपनीचं.

“मॅडम, हा फोन हवाय. स्नेहलचं नेट गेलंय.”

“अहो, साहेब लाइव्ह आहेत त्यावर.”

“तेच बंद करायचंय.”

“आणि साहेबांनी विचारलं तर?”

“कनेक्टिव्हिटीसाठी त्यांनीच दिला म्हणून सांगू.”

मॅडमनी एकदा स्टेजकडे पाहिलं. लाइव्ह बंद केलं, हॉटस्पॉट चालू केला आणि फोन माझ्या हातात ठेवला. “पळा. ही कंपनी मी किती विनवण्या करून आणलीय. भाषण काय, पुढच्या आठवड्यात परत आहेच.”

फोन लॅबमध्ये नेऊन ठेवला. लॅपटॉप जोडला. स्क्रीनवरच्या बाई हलल्या आणि त्यांनी अर्धवट राहिलेला प्रश्न पुन्हा विचारला.

स्नेहलला नोकरी लागली. हडपसरलाच, बसने जाते. मी शिकलो ते एवढंच, की बॅकअप म्हणजे दुसरी डबी नव्हे, दुसरा रस्ता.

चष्मा नसल्यामुळे संचालक रिकाम्या ट्रायपॉडकडे बघून पाऊण तास बोलले. लाइव्ह बंद पडल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही.