जाऊबाईंचा फ्रीज

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या फ्रीजला झगा आहे. निळ्या फुलांचा, खाली झालर लावलेला. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला. पहिल्या मोठ्या कामाच्या कमाईतून त्यांनी फ्रीज घेतला आणि आल्या दिवशीच त्याचं माप घेतलं. तेव्हापासून तो असा नखशिखांत झाकलेला, भिंतीला पाठ टेकवून उभा आहे. त्याच्या पाठीला वारा लागायला हवा, नाहीतर तो आतल्या आत तापतो, हे मी एकदा सांगून पाहिलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "धूळ बसली तर तू पुसायला येणार आहेस का?" पाहुणे आले की त्या झग्यावरून मायेने हात फिरवतात. दार मात्र कुणासमोर उघडत नाहीत.

ते दार उघडायची पाळी माझ्यावर आली, कारण माझ्या मोठ्या दिरांच्या पायाचं बोट कापावं लागलं. जाऊबाई त्यांच्याजवळ दवाखान्यात राहिल्या आणि घर बघायला मी आले.

भाऊजी म्हणजे पोस्टमन. उभं आयुष्य पायी टपाल वाटलेला माणूस, निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मधुमेह जुना. रोज सकाळी जाऊबाई स्वतःच्या हाताने त्यांना इन्सुलिन टोचत, त्यात एक दिवस खाडा नाही. तरी साखर उतरेना. डॉक्टर औषध वाढवत गेले, साखर आपली तिथेच. मग पायाच्या बोटाला साधा बूट चावला आणि ती जखम भरेचना.

यावर घरात निकाल लागला की भाऊजी चोरून गोड खातात. जाऊबाईंनी साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. तेवढ्यावर थांबत्या तरी ठीक होतं. भाऊजी चक्कर मारून आले की त्या दारातच त्यांना अडवायच्या आणि तोंडाचा वास घ्यायच्या. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. जिन्यावरून शेजारीपाजारी जातायेत आणि पांढऱ्या केसांचा माणूस उंबऱ्यात आ करून उभा. मला इतकी शिसारी आली की हातातला चहा मी तसाच मोरीत ओतला. "मी काही खाल्लेलं नाही," असं भाऊजी आधी म्हणायचे. पुढे पुढे ते नुसतं तोंड उघडायला लागले.

दवाखान्यात बोट गेलं, पण साखर मात्र भराभर खाली आली. जाऊबाईंना आणखी काय हवं होतं? येणाऱ्या प्रत्येकाला त्या पलंगाशेजारी बसून सांगत, "बघा, इथे चोरायला काही मिळत नाही, तर कशी उतरली." भाऊजी डोळे मिटून पडलेले असत.

घराची किल्ली देताना त्यांनी मला दोन सूचना केल्या. "वरच्या बर्फाच्या खणाला हात लावू नकोस, तिथे ह्यांची इंजेक्शनं आहेत. आणि झोपताना फ्रीज बंद कर. दिवसभर घरघरत असतो, त्यालाही विसावा नको का?"

"रोज बंद करता?"

"रोज. म्हणून तर इतकी वर्षं टिकलाय."

घरी आले, झगा वर केला आणि दार ओढलं. ते सहज उघडलंही नाही. रबराच्या घड्यांत काळी बुरशी चिकट होऊन बसली होती, ती सुटताना चर्र आवाज झाला. आतून सडका वास आला. नाकाला पदर लावून मी एकेक वस्तू बाहेर काढली. पातेलंभर भात, त्यावर हिरवी लव. उघड्या वाटीत कधीचा तरी रस्सा, वरची चरबी पिवळी पडून तडकलेली. कच्च्या मासळीची पिशवी वरच्या कप्प्यात, आणि तिचं लाल पाणी थेंबथेंब खालच्या दुधात. भाजीच्या खणात काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण त्याला आता आकार नव्हता; हात घातला तर बोटं आत गेली. वाटीत वाटी, ताटलीवर ताटली, झाकण कशालाच नाही. भावंडांच्या गर्दीत वाढलेल्या बाईला अन्न टाकवत नाही, हे मला समजतं. पण ते टाकवत नाही म्हणून कुजवायचं आणि मग घरच्यांना वाढायचं, ही कसली काटकसर? रोज रात्री सगळं कोमट व्हायचं, रोज सकाळी पुन्हा गार. जंतूंना याहून चांगलं घर कुणी बांधून दिलं नसतं.

प्लग काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मी तो आतून धुतला. रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने खरवडल्या, कोरड्या केल्या. मागच्या पाण्याच्या ट्रेमध्ये मेलेली झुरळं तरंगत होती, ती ओतून आले आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, तरी वास जाईना. फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला, झगा भिजत घातला. वरच्या खणाला तेवढा हात लावला नाही. पुन्हा चालू केला तो चालूच ठेवला. त्या घाणीनंतर त्याच्या विसाव्याची काळजी करायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा फोन आला. पेशंटला घरी सोडायचंय, घरची औषधं दाखवायला आणा. मी बर्फाचा खण उघडला. इंजेक्शनच्या बाटल्या बर्फात रुतून बसल्या होत्या. ओढून काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि नेऊन दिल्या.

सिस्टरने एक बाटली उलटी केली. आतलं हललं नाही. "हे गोठलंय. कुठे ठेवलं होतं?"

"बर्फाच्या खणात," जाऊबाई अभिमानाने म्हणाल्या. "नेहमी तिथेच ठेवते."

"अहो, हे कधीच गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की गुण गेला. नंतर पातळ झालं तरी उपयोग नाही. मधल्या कप्प्यात ठेवायचं, थंड पण बर्फापासून लांब."

"काहीतरीच काय. सकाळी चांगलं पाण्यासारखं पातळ असतं. रोज मीच भरते ना सुईत."

सिस्टर गोंधळली. मी नव्हते गोंधळले. "वहिनी," मी म्हटलं, "रात्री तुम्ही फ्रीज बंद करता. दिवसभर हे गोठायचं आणि रात्रीतून सुटायचं. मी काल बंद केला नाही, म्हणून आज दिसलं."

जाऊबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने होकारार्थी मान हलवली.

"पण वरच कशाला ठेवलं?" मी विचारलं.

"खाली वास येतो गं," त्या हळूच म्हणाल्या. "औषधाला लागला असता."

म्हणजे वास त्यांना येत होता. इतकी वर्षं येत होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कालच्या त्या खणात हात घातल्यावर आला नव्हता असा.

भाऊजींनी डोळे उघडले. "सिस्टर," ते म्हणाले, "म्हणजे माझी साखर खाण्यामुळे वाढत नव्हती?"

"या औषधावर कुणाचीच उतरली नसती, काका. जखमही भरली नसती."

त्यांनी चादरीखालच्या पायाकडे पाहिलं. तिथे पट्टीचा गोळा वर आला होता. मग ते कोरडं खोकले. जाऊबाई लगबगीने उठल्या, ग्लासात पाणी ओतलं, त्यांच्या मानेखाली हात घालायला वाकल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "घ्या ना."

भाऊजींनी तोंड मिटून घेतलं. ग्लास ओठांना टेकला होता, तरी उघडलं नाही. मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "तू दे गं पाणी."